तेरड्याचा रंग तीन दिवस, पण तयारी 75 दिवस!

सीझनल मालाच्या व्हिडिओत आपण राख्या, पणत्या, पतंग हे सगळं बघितलं. आज त्याच विषयाचा पुढचा धडा, एका रानफुलावरून. तेरडा. पावसाळ्यात बांधावर, डोंगरउतारावर आपोआप उगवणारं, गुडघ्याएवढं रोप. गुलाबी, जांभळी, पांढरी फुलं. फुकट दिसतं म्हणून आपण त्याला माल समजतच नाही.

पण गौरीच्या वेळी बघा. कोकणात कितीतरी घरांत तेरड्याची रोपं मुळासकट आणून त्यांचीच गौर मांडतात. शहरात राहणाऱ्याने ती आणायची कुठून? बाजारात येते ती बहुतेक रानातून उपटलेली जुडी, दुपारपर्यंत मान टाकलेली. शिवाय बी धरायच्या आधीच रोप उपटलं, तर त्या जागी पुढच्या वर्षी पडायला बी कमीच. म्हणून पिशवीत वाढवलेलं, टवटवीत, मुळासकट रोप हा चांगला माल आहे.

पहिली गोष्ट: तारीख उलटी मोजा

गौरीचं आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठा, विसर्जन मूळ. म्हणजे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. 2024 ला आवाहन 10 सप्टेंबरला होतं, 2025 ला 31 ऑगस्टला. दहा दिवसांचा फरक! "मागच्या वर्षी याच तारखेला पेरलं होतं" हा हिशोब इथे चालत नाही. आधी पंचांग उघडा.

तेरडा पेरल्यापासून साधारण 60 ते 70 दिवसांत फुलतो. पाऊस-ऊन कसं पडेल ते आपल्या हातात नाही, म्हणून तीन हप्त्यांत पेरा: आवाहनाच्या 75, 68 आणि 61 दिवस आधी. 2025 साठी या तारखा 17 जून, 24 जून आणि 1 जुलै अशा येतात. एक हप्ता लवकर फुलला, एक मागे राहिला, तरी मधला हाताशी असतो.

दुसरी गोष्ट: रोप कसं वाढवायचं

- माती, शेणखत आणि वाळू किंवा कोकोपीट मिसळा. पिशवीला खाली भोकं हवीतच. तेरड्याचं खोड पाणीदार असतं, पाणी साचलं की बुडाशी कुजतं.
- बी वर फक्त मातीचा पातळ थर द्या. 5 ते 10 दिवसांत उगवतं. एका पिशवीत दोन-तीन बिया टाका, नंतर जोमदार रोप ठेवून बाकीची काढा.
- चांगला उजेड हवा. गच्च सावलीत रोप नुसतं उंच जातं, फुलं कमी येतात.
- पावसाने उघडीप दिली की रोज पाणी बघा. हे रोप लगेच मलूल होतं.
- शेंडा खुडू नका. खुडलं की फुटवे येतात, पण फूल लांबतं. आपल्याला तारीख गाठायची आहे.
- पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका. हवा खेळली नाही की पानांवर पांढरी भुरी येते.

तिसरी गोष्ट: हिशोब

समजा 100 पिशव्या केल्या, एकीचा खर्च 18 रुपये. एकूण 1,800. विक्री 40 रुपयाने. म्हणजे 45 पिशव्या विकल्या की खर्च वसूल. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. पण 45 सारखा तुमचा आकडा काढल्याशिवाय बी पेरू नका. कारण आवाहन झालं की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक शून्य. आधी तेवढं बुकिंग, निम्मे पैसे ॲडव्हान्स, मगच पुढचा हप्ता.

उरलेल्या रोपांचं काय? फेकू नका. कुंडीत लावा, बी धरू द्या. शेंग पिवळसर झाली की तिला कागदी पिशवी लावूनच हात लावा, नाहीतर ती फटकन फुटते आणि बी अंगणभर. वाळवून ठेवलेलं हे बी म्हणजे पुढच्या वर्षीचं भांडवल, फुकटात.

एक सूचना. कास पठारावर सप्टेंबरमध्ये जो गुलाबी तेरडा दिसतो, ती वेगळी जात आहे, फक्त सह्याद्रीत आढळणारी. तिथे फुलं तोडायला बंदी आहे. तिकडून रोप-बी आणायचा विचारही नको. गावाकडच्या परसातलं बी आपल्याला पुरतं.

"तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण आपण टिकत नाही त्याला नावं ठेवायला वापरतो. दुकानदाराने ती वेळापत्रक म्हणून वाचावी. विक्रीचे दिवस तीन, त्यामागे कामाचे पंचाहत्तर.

गृहपाठ: पुढच्या गौरी आवाहनाची तारीख पंचांगात बघा, 75 दिवस मागे मोजा आणि ती तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. आजच!