वजन उतरले, पुढे काय?

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एक गृहस्थ पत्नीसोबत दवाखान्यात आले. वीज केंद्रात ऑपरेटर, वय ४९, शिफ्टची नोकरी. आले म्हणण्यापेक्षा त्यांना आणले गेले. मोज्याला डाग लागलेला पत्नीला धुताना दिसला, म्हणून तिने ओढून आणले. सेफ्टी शू काढला तेव्हा उजव्या पायाच्या बोटाखाली रुपयाएवढी जखम होती. दुखत नव्हती, म्हणून पंधरा दिवस त्यांनी ती कोणाला दाखवली नव्हती. मधुमेहात दुखणारी जखम बरी. न दुखणारी जखम पाय घेऊन जाते. साखर ३१२ निघाली. वजन ९३ किलो.

हेच गृहस्थ त्याआधी सोळा महिने माझ्या दवाखान्यातून हसत बाहेर पडले होते. तेव्हा त्यांचे वजन ७७ किलो होते. आठ महिन्यांत ९६ वरून ७७! साखर नॉर्मल, रक्तदाब नॉर्मल. मी त्यांच्या सर्व गोळ्या बंद केल्या, पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "आता असेच चालू ठेवा." कसे चालू ठेवायचे, काय बदलायचे, पुन्हा केव्हा यायचे, यातले एक अक्षरही मी बोललो नाही. आजचा लेख त्या न बोललेल्या गोष्टींविषयी आहे.

त्यांनी केला होता कीटो आहार. आंध्र आणि तेलंगणात २०१७-१८ च्या सुमारास वीरमाचनेनी रामकृष्ण यांच्या आहारपद्धतीचा मोठा बोलबाला झाला. रोज ७० ते १०० ग्रॅम खोबरेल तेल किंवा तत्सम स्निग्ध पदार्थ, लिंबू, भरपूर पाणी, आणि भात-पोळी बंद, असे तिचे ढोबळ स्वरूप. आमच्या रुग्णाला ती मंचेरियालच्या साडभावाने सांगितली. आपल्या भागात तेलुगू सोयरीक असलेली घरे पुष्कळ, त्यामुळे असे पाहुणे असे सल्ले घेऊन येतातच. (डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा जेवणाची पद्धत निराळी, तिचे मूळ नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारात आहे. अनेक वाचक दोन्हींची गल्लत करतात.)

कीटोत पिष्टमय पदार्थ दिवसाला २० ते ५० ग्रॅमवर आणतात. लहान वाटीभर, म्हणजे शिजवलेल्या १०० ग्रॅम भातातच २८ ग्रॅम असतात. यावरून बंधन किती कडक ते कळेल. पिष्ट मिळेनासे झाले की यकृत चरबीपासून कीटोन नावाचे पदार्थ तयार करते आणि शरीर त्यांवर चालू लागते. वजन उतरते, भूक मंदावते, साखर खाली येते. हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

मुळात हा आहार वजनासाठी निघालेलाच नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये तो अपस्मारासाठी, म्हणजे फेफऱ्यासाठी सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या मुलांना तो आजही देतात. पण तेथेही गुण आल्यावर साधारण दोन वर्षांनी आहार थांबवतात, आणि एका दिवसात थांबवत नाहीत. आठवड्यामागून आठवडे मोजून पिष्ट वाढवत नेतात. ज्यांनी हा आहार शोधला ते त्यातून बाहेर पडण्याचाही कार्यक्रम आखतात. आपण मात्र लग्नाच्या पंगतीत बाहेर पडतो.

आमच्या रुग्णाचेही तसेच झाले. मुलीचे लग्न ठरले, घरात पाहुणे आले, आणि एके दिवशी ताटात भात आला. चार दिवसांत काट्यावर दोन किलो वाढले. त्यांना वाटले, आठ महिन्यांची तपश्चर्या चार दिवसांत गेली. आता कशाला पथ्य करायचे!

येथेच पहिला गैरसमज आहे. यकृतात आणि स्नायूंत मिळून ४०० ते ५०० ग्रॅम साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. कीटोच्या पहिल्या आठवड्यात हा साठा रिकामा होतो, पाणी लघवीवाटे जाते, आणि काटा झपाट्याने खाली येतो. भात सुरू केला की साठा भरतो आणि पाणी परत येते. हे दीड-दोन किलो चरबीचे नव्हेत. ते येणारच. हे मी त्यांना आधी सांगितले असते, तर बहुधा पुढचे टळले असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्यांच्या पत्नीच्या शब्दांत सांगतो. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, भात तर सुरू झाला जी, पण वरचं तूप अन् खोबरेल काही सुटलं नाही. पनीरही रोज लागते." माझ्या मते कीटोनंतर वजन परत येण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. कीटोत तूप-लोणी चालते ते भात नसतो म्हणून. ते भाताच्या जागी आलेले असते. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० उष्मांक. भात परत येताना तेलाने जागा सोडली पाहिजे. दोघे एका ताटात बसले की पोट सुटायला वेळ लागत नाही.

आता शरीराची बाजू. ऊर्जानगरच्या वाचकांना हे समजावणे सोपे आहे. युनिटवरचा लोड कमी झाला की कोळसाही कमी लागतो. केव्हिन हॉल यांच्या गटाने २०१६ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार दर किलो वजन घटल्यामागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० उष्मांकांनी कमी होतो. १९ किलो घटलेल्या माणसाला म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे ४०० ते ५५० उष्मांक कमी पुरतात. ढोबळमानाने दोन-अडीच भाकरी. पूर्वीच्या ताटाकडे परत जाणे म्हणजे पूर्वीच्या वजनाकडे परत जाणे. शिवाय भुकेचा जोर खर्चातील या घटीच्या तिपटीहून अधिक वाढतो, असेही त्याच अभ्यासात दिसले. मेलबर्नमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० जणांचे वजन दहा आठवड्यांत उतरवून त्यांच्या रक्तातील भुकेची संप्रेरके तपासली. वर्षभरानंतरही ती पूर्ववत झालेली नव्हती. "मले पहिल्यापेक्षा जास्त भूक लागते" असे सांगणारा रुग्ण बहाणे सांगत नसतो. त्याला जिभेवर ताबा नाही म्हणून हिणवणाऱ्या डॉक्टरांत मीही होतो.

मग बाहेर कसे पडायचे? जखम भरायला अकरा आठवडे लागले, बोट वाचले. त्यानंतर गृहस्थांनी पुन्हा कीटो करण्याची तयारी दाखवली. आम्ही कडक कीटो चारच महिने ठेवले, तेही दर आठवड्याला साखर पाहून, आणि ८४ किलोवर थांबलो. मग दर पंधरा दिवसांनी एकच पाऊल टाकायचे ठरले. पहिल्या पंधरवड्यात रोज एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ सुरू, आणि त्याच दिवसापासून खोबरेलाचे दोन मोठे चमचे बंद. दुसऱ्या पंधरवड्यात एक फळ. पेरू, म्हणजे आपल्याकडचा जाम, उत्तम. तिसऱ्यात दुपारी एक ज्वारीची भाकरी, आणि पनीर-लोणी फक्त आठवड्यातून दोनदा. भात सर्वांत शेवटी, एका वेळी एक लहान वाटी. प्रत्येक पावलानंतर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर पाहायची. ती चढली तर त्या पायरीवरच थांबायचे.

मूल, सिंदेवाही, नागभीडकडच्या माणसाला भात सोडा म्हणणे म्हणजे घर सोडा म्हणण्यासारखे आहे. नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी धानाचे वाण काढले, ते याच मातीत. म्हणून मी भात बंद करायला सांगत नाही. ताटातला त्याचा क्रम बदलायला सांगतो. आधी भाजी आणि वरण, मासळी असेल तर मासळी, आणि भात शेवटी. या क्रमाने जेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते. जवसाची चटणी चांगलीच, पण जवसात वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल असते. चमचाभर घ्यावी, वाटीभर नव्हे.

नाईट शिफ्टचे काय, हे विचारणारे बरेच असतात. रात्री दोनच्या चहासोबतचा समोसा हा जेवणाचा भाग नसून जागरणाचा भाग असतो. घरून दोन उकडलेली अंडी किंवा फुटाणे न्यावेत आणि सकाळी घरी येऊन पोटभर जेवून झोपू नये. आणखी एक, थोडे स्पष्ट बोलतो. जिल्ह्यातील दारूबंदी २०२१ मध्ये उठली, आणि "व्हिस्कीत पिष्ट नसते, मग कीटोत चालते" हे शास्त्र मला काही रुग्णांनीच शिकवले. पिष्ट नसते, पण ६० मिलिलिटरमध्ये १३० च्या पुढे उष्मांक असतात. सोबतच्या शेवचिवड्याचा हिशेब वेगळा.

वजन टिकवण्यात व्यायामाचा वाटा वजन उतरवण्यापेक्षा मोठा आहे. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवली जाते. किमान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर टिकवलेल्यांची नावे तीत असतात. त्यांतले बहुतेक रोज सरासरी तासभर व्यायाम करतात आणि आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. आपल्याकडे पहाटे फिरायला जा, असे मात्र मी आता सांगत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराला आणि दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला मारले, हे कोण विसरेल? उजाडल्यावर, वस्तीतल्या रस्त्यावर, दोघातिघांनी मिळून फिरावे. उन्हाळ्यात तेही जमत नाही. तेव्हा घरात बैठका आणि भिंतीला हात टेकून जोर. वजनाबरोबर स्नायूही घटलेले असतात, ते परत मिळवायला हाच मार्ग.

घरी काटा नसेल तर सुतळी घ्या. आपल्या उंचीएवढी कापा आणि दुमडून अर्धी करा. ही अर्धी सुतळी बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती पुरली पाहिजे. पुरत नसेल तर पोटावरची चरबी जास्त आहे. काटा असेल तर पाण्याचे दोन किलो धरून जे वजन स्थिरावेल ते वहीत लिहा. त्याच्यावर आणखी दोन किलो गेले की त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. पाच किलो वाढले की माणूस लाजतो, आणि लाजलेला माणूस दवाखान्यात येत नाही. आमचे गृहस्थ सोळा महिने आले नाहीत ते त्यामुळेच. "तुमाले तोंड कसं दाखवू," असे ते म्हणाले होते.

काहींनी कीटोच्या वाटेला डॉक्टरांना न विचारता जाऊच नये. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या चालू असताना कीटो केल्यास रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकते, आणि गंमत अशी की तेव्हा साखर फारशी वाढलेली दिसत नाही, त्यामुळे निदान हुकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर एकदम खाली जाऊ शकते. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी करू नये. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. कीटोच्या सुरुवातीला शरीरातील पाणी घटते आणि पाणी घटले की त्यांचे दुखणे उसळते. चंद्रपूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका. ज्यांच्या गोळ्या कीटोमुळे बंद झाल्या त्यांनी दर तीन महिन्यांनी सरासरी साखरेची, म्हणजे एचबीएवनसीची तपासणी आणि वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल करावे. मधुमेह गेलेला नसतो, दबलेला असतो.

आमचे गृहस्थ गेल्या महिन्यात येऊन गेले. वजन ८४.६, सरासरी साखर ६.९, पायाला संवेदना अजून कमीच. ७७ किलोचा आकडा त्यांनी सोडून दिला आहे, मीही त्याची आठवण काढत नाही. जाताना त्यांनी मेटफॉर्मिन बंद करता येईल का, असे विचारले. मी नाही म्हणालो आणि तीन महिन्यांनंतरची तारीख चिठ्ठीवर लिहून दिली.