"मावशी, अजून किती जणांना सांगायचं?"

पोरीचं नाव, वय, गल्ली काहीच सांगणार नाही. पोक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम 23 त्याला मनाई करतं. सास्तूरसारख्या गावात दारात खाकी वर्दी दिसली की दिवस मावळायच्या आत बातमी माकणीपर्यंत जाते. म्हणूनच कायदा म्हणतो, जबाब मुलाच्या घरी घ्या, वर्दी घालू नका, शक्यतो महिला अधिकारी पाठवा.

आम्हाला मात्र ठाण्यात बोलावलं. वर्दीतल्या साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तेव्हाच का नाही ओरडलीस?" आरोपीचा चुलता बाहेर बाकड्यावर चहा पीत बसलेला. पोर माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, बोट पांढरंफटक पडेपर्यंत. मग दवाखान्यात तेच, मॅजिस्ट्रेटसमोर तेच. शेवटी तिने मला विचारलं, अजून किती जणांना सांगायचं?

खरा संताप आला तो कोर्टात. न्यायाधीशांनी विचारलं, मुलीला सहायक व्यक्ती दिली होती का? सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. पोक्सोच्या 2020 च्या नियमांत ही सोय आहे. तपासापासून खटला संपेपर्यंत मुलासोबत राहणारं माणूस बालकल्याण समितीने द्यायचं. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2023 मध्ये त्याबद्दल बजावलंसुद्धा. आम्हाला तोवर कुणी अवाक्षरही सांगितलं नव्हतं. आम्ही अडाणी नव्हतो. ज्यांचं ते कामच होतं, त्यांनी तोंड उघडलं नाही.

तुमच्यावर अशी वेळ आलीच, तर एफआयआरची प्रत मागा, ती फुकट मिळते. पोलिसांनी 24 तासांत समितीला कळवायचं असतं. कळवलं का, ते विचारा. सहायक व्यक्तीसाठी समितीकडे लेखी अर्ज करा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करेल, आणि तिच्या विश्वासाचं माणूस जवळ असेल. कोर्टात आरोपी दिसू नये म्हणून पडदा मागा. वकील मुलाला थेट प्रश्न विचारू शकत नाही, प्रश्न न्यायाधीशांमार्फतच जायला हवा. आमच्याकडे हे मध्येच विसरलं गेलं. तुमच्याकडे तसं झालं, तर सरकारी वकिलांना उठून सांगायला लावा. भरपाईसाठी मनोधैर्य योजना आहे. अडलंच तर मुलांच्या हेल्पलाइनला, 1098 ला, फोन लावा. बाकी धीर धरा, पोरीला दोष देऊ नका, आणि "मिटवून घ्या" म्हणणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

मुलाची साक्ष 30 दिवसांत, खटला शक्यतो वर्षात, असं कलम 35 म्हणतं. आमचा खटला अजून चालूच आहे.