चाकांवरचं घर मुक्कामाला थांबतं तेव्हा...

सेमिनारचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा आमच्या वर्गात निम्म्या पोरांनी काँक्रीट धरलं, उरलेल्यांनी भूकंप. मी ‘न्यूझीलंडमधील मोटरहोमचं रात्रीचं पार्किंग’ असा विषय दिला. गाईड सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “हा ट्रान्सपोर्टेशनचा विषय की एन्व्हायर्नमेंटलचा?” म्हटलं, सर, दोन्हीचा, आणि थोडा भांडणाचाही.

भांडण माझ्या ओळखीचं आहे. माझं गाव दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. काका घरातल्या तीन खोल्या पर्यटकांना देतात, त्यामुळे त्यांना पर्यटक हवेत. शेजारच्या काकूंकडे भाड्याने द्यायला खोली नाही. त्यांची विहीर मात्र सुरूच्या बनाजवळ आहे आणि डिसेंबरात रात्रभर गाड्या त्याच बनात उभ्या असतात. काकूंच्या वाट्याला येतो तो कचरा, धूर आणि पहाटेची घाण. ग्रामसभेत दोघं समोरासमोर येतात आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर असतात! म्हणून वाटलं, हाच प्रश्न एखाद्या देशाने कायद्यात आणि लिटरमध्ये कसा मांडला ते बघावं.

प्रश्न काय आहे?

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. झोपायला पलंग, छोटी शेगडी, बेसिन, पाण्याची टाकी आणि चांगली गाडी असेल तर संडासही. न्यूझीलंडची लोकसंख्या ५० लाखांच्या आसपास. २०१९ साली तिथे त्याच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त परदेशी पाहुणे आले. त्यातले बरेच जण व्हॅन भाड्याने घेऊन फिरतात आणि तळ्याकाठी, समुद्रकाठी फुकट मुक्काम करतात. याला तिकडे ‘फ्रीडम कॅम्पिंग’ म्हणतात. तिथल्या स्थानिक लोकांनाही हा आपला जुना हक्क वाटतो. मोटरहोमवाल्यांची तिथली संघटना १९५६ पासूनची आहे.

आता मॅकेन्झी जिल्हा घ्या. टेकापो, पुकाकी अशी निळ्याशार पाण्याची तळी इथलीच. कायमची वस्ती पाच-सहा हजार, म्हणजे आपल्याकडच्या एका मोठ्या गावाएवढी. रस्ता, संडास, कचरागाडी यांचा बराचसा खर्च या लोकांच्या घरपट्टीतून निघतो, आणि वापर करणारे असतात देशोदेशीचे लाखो पाहुणे. तणावाचं मूळ इथे आहे. फायदा एकाच्या खिशात जातो आणि बिल दुसऱ्याच्या दारात येतं.

कायदा काय सांगतो?

२०११ साली तिथे रग्बीचा वर्ल्ड कप होता. त्याच्या तोंडावर ‘फ्रीडम कॅम्पिंग अ‍ॅक्ट’ आला. मला वाटलं होतं, कायदा म्हणजे बंदी असणार. पण त्याची रचना उलटी आहे. स्थानिक परिषदेच्या जागेवर मुक्कामाला मुळात परवानगी आहे. परिषदेला ती नको असेल तर तिने त्या जागेपुरता उपविधी करायचा. त्यासाठी कारणं फक्त तीन चालतात : त्या जागेचं रक्षण, लोकांचं आरोग्य व सुरक्षितता, आणि जागेवर सर्वांना जाता येणं. सरसकट सगळ्या जिल्ह्यात बंदी घालता येत नाही. आणि ड्रायव्हरला झोप येतेय म्हणून रस्त्याकडेला डुलकी काढली, तर ते कॅम्पिंग धरलं जात नाही.

तक्रारी थांबल्या नाहीत, म्हणून २०२३ मध्ये नवा कायदा झाला. आता परिषदेच्या जागेवर गाडीत मुक्काम करायचा तर गाडी ‘सेल्फ-कंटेन्ड’, म्हणजे स्वयंपूर्ण असावी लागते. अपवाद फक्त परिषदेने इतर गाड्यांसाठी मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या जागांचा. संडास गाडीत पक्का बसवलेला हवा आणि पलंग घातलेला असतानाही वापरता आला पाहिजे. ही अट गमतीची वाटते, पण कारण सरळ आहे. सीटखाली दडवलेलं पोर्टेबल भांडं रात्री दोन वाजता कोण बाहेर काढणार? माणूस झाडीतच जातो. तपासणी झाली की गाडीला हिरवं प्रमाणपत्र मिळतं, ते चार वर्षं चालतं. या सगळ्या व्यवस्थेवर देखरेख कोणाची, तर प्लंबर, गॅसफिटर आणि ड्रेनलेअर यांच्या मंडळाची. म्हणजे प्रश्न पर्यटनाचा आणि नियंत्रण प्लंबिंगवाल्यांकडे! मला हे फार पटलं. नियम मोडला तर दंड २०० डॉलर होता, तो आता ४०० पासून सुरू होतो.

याच कायद्यात आणखी एक शहाणपणाची गोष्ट आहे. घर मिळत नाही म्हणून गाडीत राहणाऱ्या तिथल्या रहिवाशाला ‘फ्रीडम कॅम्पर’ समजून दंड करायचा नाही. हौशी आणि नाइलाज यांना एकाच दांडक्याने मारायचं नाही, असा त्याचा अर्थ.

लिटरचं गणित

आता आपल्या आवडीचा भाग. स्वयंपूर्ण गाडीत तीन दिवसांची सोय लागते. माणशी रोज ४ लिटर स्वच्छ पाणी, तेवढंच सांडपाणी साठवायची टाकी (ग्रे वॉटर), आणि संडासाची टाकी माणशी रोज १ लिटर (ब्लॅक वॉटर). शिवाय झाकणाची कचरापेटी. दोघांच्या गाडीला २४ लिटर पाणी, २४ लिटर सांडपाणी, ६ लिटर मैला. बस्स.

समजा एका तळ्याकाठी ४० गाड्या थांबल्या, प्रत्येकीत दोघं. रोजचा मैला ८० लिटर आणि सांडपाणी ३२० लिटर. गाड्या स्वयंपूर्ण असतील तर हे सगळं चाकांवर बसून ‘डंप स्टेशन’ला जातं. नसतील तर त्याच झाडीत मुरतं. ८० लिटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण सीझनच्या १०० दिवसांत ते ८,००० लिटर होतात आणि तेही वस्तीच्या पिण्याच्या पाण्याशेजारी.

आता दुसरा आकडा घ्या. आयएस ११७२ प्रमाणे हॉस्टेलसाठी आपण माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतो (आपल्या हॉस्टेलला तेवढं येतं का, हा प्रश्न रेक्टर सरांना विचारावा, मला नको!). १३५ कुठे आणि ४ कुठे? फरक कशाचा? आंघोळीचा आणि धुण्याचा. चार लिटरात पिणं, चहा आणि दोन ताटल्या होतात. म्हणजे प्रमाणपत्र असलेला माणूससुद्धा आंघोळीला तळ्यावर, बीचवरच्या नळावर किंवा सार्वजनिक संडासात जाणार. तो संडास दिवसा येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी बांधलेला असतो. सकाळी सहा ते आठ तिथे सगळे एकदम येतात. पीक फॅक्टर म्हणतात तो हाच. गाव चिडतं ते बहुतेक वेळा या दोन तासांमुळे.

आणखी एक मुद्दा. गाडीतल्या संडासात फ्लशचं पाणी जेमतेम असतं, त्यामुळे हा मैला घरगुती सांडपाण्यापेक्षा कितीतरी घट्ट असतो, बीओडी जास्त. वर वास मारायला औषध टाकलेलं. अशा पाच-दहा टाक्या एखाद्या छोट्या सेप्टिक टँकमध्ये एकदम ओतल्या तर आतले जिवाणू मरतात आणि टाकी नुसतं भांडं होऊन बसते. म्हणून ‘कुठेही ओता, शेवटी संडासातच गेलं ना’ हे खरं नाही. डंप स्टेशन कुठे असावं आणि त्यापुढचा प्लँट केवढा असावा, हे डिझाइनचे प्रश्न आहेत.

कोर्टात काय झालं?

क्वीन्सटाउन हे तिथलं सगळ्यात गाजलेलं पर्यटनस्थळ. तिथल्या परिषदेने २०२१ मध्ये कडक उपविधी केला. मोटरहोम संघटना कोर्टात गेली आणि २०२४ मध्ये हायकोर्टाने तो उपविधी रद्द ठरवला. कारण, तो करताना कायद्यात न बसणाऱ्या गोष्टी विचारात घेतल्या गेल्या होत्या. परिषदेला नव्या उपविधीचं काम पुन्हा हाती घ्यावं लागलं.

मला यातून शिकण्यासारखं वाटलं ते असं. ‘आम्हाला त्रास होतो’ ही भावना खरी असते, पण नियम भावनेवर टिकत नाही. ‘या जागेवर इतक्या गाड्या, इतका मैला, विहीर इतक्या मीटरवर’ असं मोजून मांडलं तर टिकतो. मोजणं हे आपलं काम आहे, वकिलाचं नाही. दुसऱ्या बाजूनेही एक चांगली गोष्ट झाली. संघटनेने ‘मोटरहोमना अनुकूल गाव’ अशी योजना काढली. गावाने डंप स्टेशन आणि थांबायला जागा द्यायची, म्हणजे गाडीवाले तिथे थांबतात आणि खरेदीही तिथेच करतात. देणं-घेणं समोरासमोर आलं की भांडणातली हवा बरीचशी जाते.

आणि आपल्याकडे?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. पण आपला खरा प्रश्न मोटरहोमचा नाही, टेम्पो ट्रॅव्हलरचा आहे. पंधरा जण, एक गॅस सिलिंडर, टपावर गाद्या आणि मुक्काम सुरूच्या बनात! गाडीत ना संडास, ना सांडपाण्याची टाकी. गोव्यात रस्त्याकडेला आणि बीचवर बसमधून उतरून स्वयंपाक मांडण्यावरून इतका वैताग झाला की २०१९ मध्ये सरकारने उघड्यावर स्वयंपाक आणि दारू यासाठी दंड ठरवला, एकट्याला २,००० रुपये आणि गटाला १०,०००.

दंड हवाच, पण नुसत्या दंडाने मैला कुठे जायचा हे ठरत नाही. त्यात कोकणची जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र, पाणी पटकन खाली सोडतो. वर टाकलेलं फार गाळलं न जाता विहिरीकडे जाऊ शकतं. तेव्हा काकूंची तक्रार कटकट म्हणून सोडून देता येत नाही, ती जिओटेक्निकलच्या पुस्तकात बसणारी आहे.

सेमिनारच्या शेवटी मी गावासाठी चार गोष्टी सुचवल्या. एक, मुक्कामाची जागा विहिरींपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला ठरवायची, बाकी बन रात्री बंद. दोन, तिथे सकाळच्या गर्दीचा हिशेब धरून संडास आणि नळ. तीन, गाडीमागे पावती, आणि ते पैसे त्याच जागेच्या सफाईला, हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. चार, सफाईचं काम गावातल्याच बचत गटाला, म्हणजे ज्यांच्याकडे खोल्या नाहीत त्यांच्याही घरात चार पैसे जातील. काकांना पावती आवडली नाही, ‘गिऱ्हाईक पुढच्या गावाला जाईल’ म्हणाले. काकू म्हणाल्या, ‘आधी नळ लावा, मग बघू.’ ग्रामसभेत विषय अजून लोंबकळतोय. पण यंदा पहिल्यांदाच चर्चा ‘पर्यटक हवेत की नकोत’ यावरून ‘संडास किती लागतील’ यावर आली. मला तरी ही प्रगती वाटते.

आता सबमिशन संपलं की निम्मं हॉस्टेल गाड्या काढून कोकणात-गोव्यात पळणार, हे सगळ्यांना माहीत आहे. जरूर जा. पण निघण्याआधी मेसच्या टेबलावर बसून एवढं ठरवा : रात्री थांबणार कुठे, तिथे कोणाला विचारायचं, सकाळी जाणार कुठे, आणि कचरा परत आणायला पोतं कोण घेणार. या चारही प्रश्नांना उत्तर नसेल तर सरळ एखाद्या घरात खोली घ्या. पंधरा जणांत वाटलं तर माणशी फार पडत नाही, आणि सकाळी गरम आंबोळी मिळते ती वेगळीच!