प्रतिकृतीचा रूळमार्ग आणि त्याचे सांधे

जबलपूर स्थानकाला आपल्या रेल्वेच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग हे १८७० च्या मार्च महिन्यात येथेच एकमेकांस मिळाले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून सातपुडा ओलांडून येणारी नॅरोगेज गाडीही येथवर पोहोचली. ही लहान गाडी जबलपूरहून २०१५ साली बंद झाली व तिच्या मार्गाची जागा ब्रॉडगेजने घेतली. ज्या मुलांनी ती पाहिली नाही त्यांना ती प्रतिकृतीतूनच दाखवावी लागेल. म्हणून शाळेच्या टेबलावर जबलपूर स्थानक उभारावयाचे असेल, तर पहिला विचार इंजिनाचा नव्हे, रुळांचा केला पाहिजे.

रुळांतील अंतर

जगात पुष्कळ प्रचारात असलेले प्रतिकृतीचे प्रमाण ८७ स १ हे होय. म्हणजे खरी वस्तू ८७ पट लहान करावयाची. या प्रमाणाचे जे तयार रूळ बाजारात मिळतात, त्यांच्यातील अंतर १६.५ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने गुणल्यास १,४३५ मिलिमीटर येतात. हे युरोप-अमेरिकेतील प्रमाणित अंतर झाले. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १,६७६ मिलिमीटर आहे, आणि त्याला ८७ ने भागल्यास सुमारे १९.२५ मिलिमीटर येतात. म्हणजे तयार रुळांवर आपली गाडी ठेवली, तर खऱ्या मापाने जवळजवळ २४ सेंटिमीटरांची चूक होते, आणि रुंद डब्याखाली अरुंद मार्ग डोळ्यांना खटकतो.

नॅरोगेजची गोष्ट याच्या उलट आहे. तिचे अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत सुमारे ८.७५ मिलिमीटर. दुसऱ्या एका लहान प्रमाणासाठी बनविलेले ९ मिलिमीटरांचे रूळ बाजारात मिळतात. ते येथे वापरल्यास खऱ्या मापात केवळ दोन सेंटिमीटरांचा फरक पडतो. तेव्हा नॅरोगेजसाठी तयार रूळ घ्यावेत आणि ब्रॉडगेजचा मार्ग हाताने बांधावा, हे उत्तम. मात्र मार्ग रुंद केल्यावर डब्यांची चाकेही आसावर तेवढीच दूर सरकवावी लागतात, हे विसरू नये.

सांध्याचा कोन

एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर गाडी नेणाऱ्या जोडणीस आपण सांधा म्हणतो. बारा हात पुढे जाताना मार्ग एक हात बाजूस सरकला, तर तो ‘बारास एक’ सांधा. आपल्या रेल्वेत बारास एक व साडेआठास एक हे सांधे सर्वत्र आढळतात. बारास एक सांध्याची लांबी सुमारे ४० मीटर असते. प्रतिकृतीत ती ४६ सेंटिमीटर होईल. असे चार सांधे एका ओळीत मांडले, तर अडीच मीटरांच्या टेबलावर फलाटास जागाच उरणार नाही! म्हणून येथे तडजोड करणे भाग आहे. मुख्य मार्गावर साडेआठास एक किंवा सहास एक, आणि मालाच्या यार्डात, जेथे गाडी हळू चालते तेथे, चारास एक सांधा घ्यावा. ही चूक नव्हे. ती जाणून घेतलेली सवलत होय.

सांध्याची रचना

सांध्याचे मुख्य भाग तीन. आरंभी जिभेसारखे निमुळते दोन हलते रूळ असतात; सांधेवाला तेच सरकवून वाट बदलतो. मध्ये वळणाचे रूळ. शेवटी, जेथे एक रूळ दुसऱ्यास छेदतो, तेथे इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे टोक असते. चाकाची कड पार व्हावी म्हणून टोकाजवळ रुळात फट ठेवावी लागते. त्या क्षणी चाक भलत्या बाजूस जाऊ नये, यासाठी समोरच्या रुळालगत आतील बाजूस आणखी एक आखूड रूळ बसवितात. त्यास चेकरेल म्हणतात. तो समोरचे चाक धरून ठेवतो आणि आसाच्या योगाने दुसरे चाकही आपोआप योग्य वाटेवर राहते.

खऱ्या ब्रॉडगेज मार्गावर चेकरेलची ही फट साडेचार सेंटिमीटरांच्या आसपास असते. तिला ८७ ने भागल्यास अर्धा मिलिमीटर येतो. परंतु प्रतिकृतीच्या चाकांची कड प्रमाणापेक्षा जाड असल्याने फट सुमारे सव्वा मिलिमीटर ठेवावी लागते. लहान करणे म्हणजे प्रत्येक मापास एकाच आकड्याने भागणे नव्हे, हे येथे स्पष्ट दिसते.

बांधणीचा क्रम

सांध्याचा पूर्ण आकाराचा नकाशा कागदावर काढून तो प्लायवुडवर चिकटवावा. त्यावर तांब्याचा पातळ थर असलेल्या पट्ट्यांचे स्लीपर मांडावेत. प्रत्येक पट्टीवरील तांबे मध्यभागी कानशीने खरवडून तोडावे, नाहीतर दोन्ही रुळांतील वीज एकमेकींस मिळून शॉर्ट सर्किट होईल. प्रथम सरळ बाहेरचा रूळ डाख देऊन बसवावा. मग टोक, मग वळणाचे रूळ, चेकरेल आणि सर्वांत शेवटी हलते रूळ. प्रत्येक रूळ बसविल्यावर एक डबा बोटाने ढकलून पाहावा. तो अडखळला, तर पुढे न जाता तेथेच दोष शोधावा. टोकास मात्र स्वतंत्र तार द्यावी. सांधा ज्या बाजूस वळेल, तिच्या विरुद्ध बाजूच्या बाहेरच्या रुळाची वीज त्यास मिळाली पाहिजे.

जबलपूरचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. हिवाळ्यात घट्ट जोडलेले रूळ त्या वेळी वाकतात. म्हणून दर मीटरास सुमारे अर्धा मिलिमीटर फट सोडावी. पावसाळ्यात लाकूड फुगते, यास्तव प्लायवुडला दोन्ही बाजूंनी रंग द्यावा.

स्वाध्याय

१. आपल्या टेबलाची लांबी मोजा व त्यावर बारास एक प्रमाणाचे किती सांधे मावतील ते काढा.
२. नॅरोगेज गाडीने प्रवास केलेल्या वडीलधाऱ्यांना तिच्या स्थानकांविषयी विचारा आणि त्यांच्या आठवणीवरून एका स्थानकाचा नकाशा काढा. खऱ्या लोहमार्गावर मोजमापासाठी कधीही उतरू नका.
३. आपल्या प्रतिकृतीत कोणते माप प्रमाणात आहे व कोणते नाही, याची पाटी लिहून टेबलास लावा. पाहणाऱ्यास सत्य कळले, म्हणजे तडजोडीचा दोष उरत नाही.