डिश फिरवणारा जॅक : जोडणी आणि दोषशोध

डीटीएचची छत्री एकदा एका दिशेला घट्ट केली की विषय संपला. जाळीची आठ फुटी सी-बँड डिश मात्र फिरायची. १९९१ साली स्टार टीव्ही एशियासॅट-१ वरून, म्हणजे १०५.५ अंश पूर्वेवरून आला, इन्सॅट दुसरीकडे, त्यामुळे हौशी लोकांनी डिशला मोटर लावली. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस सुरू झालं आणि या डिशा हळूहळू भंगारात गेल्या. धामापुरात माझ्या मामांच्या अंगणात एक शिल्लक आहे. यंदा मे महिन्यात ती अडून बसली. मामांचा निकाल तयार होता, "झिला, मोटर जळली असतली. भंगारवाल्याक देऊन टाकूया." नवीन जॅक आणायचा तर खर्च बराच, आणि तो मिळेलच असंही नाही. म्हणजे दोष सापडला तरच डिश राहणार होती.

आधी रचना समजून घेऊ. धामापूर साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिश ज्या आसाभोवती फिरते तो आस उत्तर-दक्षिण रेषेत, क्षितिजाशी अक्षांशाइतकाच, म्हणजे १६ अंशांचा कोन करून बसवतात. उपग्रह अनंत अंतरावर नसून विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे डिशचं तोंड आणखी २.८ अंश खाली झुकवावं लागतं. एवढं जमलं की एकच मोटर पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत सगळे उपग्रह गाठते. ८३ अंशावरचा जीसॅट-३० (२०२० चा) असो की ९३.५ वरचा जीसॅट-१५ (२०१५ चा), कमान तीच.

जॅकमध्ये ३६ व्होल्टची डीसी मोटर, गिअर आणि लांब स्क्रू असतो. घरातला पोझिशनर मोटरच्या दोन जाड तारांची पोलॅरिटी उलटसुलट करतो, म्हणून जॅक पुढे-मागे होतो. पूर्वेचं बटण दाबल्यावर डिश पश्चिमेला गेली तर या दोन तारा अदलाबदल करा, बस्स. उरलेल्या दोन बारीक तारा सेन्सरच्या. गिअरवर चुंबक, शेजारी रीड स्विच. चुंबक फिरला की स्विच उघडतो-मिटतो आणि पोझिशनर ते पल्स मोजतो. डिश कुठे आहे हे त्याला दिसत नाही, तो फक्त मोजतो. (हॉल सेन्सर असेल तर तीन तारा, आणि तिथे पोलॅरिटी चुकवून चालत नाही.)

दोन्ही टोकांना मर्यादा स्विच मोटरच्या सिरीजमध्ये असतात आणि प्रत्येकावर एक डायोड आडवा जोडलेला असतो. टोकाला पोचल्यावर स्विच तुटतो, पण उलट दिशेचा करंट डायोडमधून जातो आणि जॅक परत फिरतो. डायोड जळाला तर जॅक टोकालाच अडकतो. हा प्रश्न व्हायव्हात विचारण्यासारखा आहे. सरांनी कृपया वाचला नाही असं समजावं.

आता आमचा दोष. बटण दाबलं की जॅक दोनेक सेकंद हलायचा, थांबायचा आणि पोझिशनरवर एरर यायची. परत दाबलं, परत तेच. इथेच मामांचा निकाल बाद होतो. जी मोटर दर वेळी दोन सेकंद चालते ती जळलेली नाही. पल्स येत नाहीत म्हणून पोझिशनर स्वतःच पुरवठा तोडतो, नाहीतर अडकलेली मोटर खरंच जळेल.

पोझिशनरचा प्लग काढला, सेन्सरच्या तारा सोडवल्या आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवला. जॅकपाशी जाऊन मीटर थेट रीडवर लावला, गिअर हाताने फिरवला. बीप, गप्प, बीप. म्हणजे रीड ठीक. घरातल्या टोकाला मात्र काहीच नाही. दोष मधल्या केबलमध्ये. भिंतीलगत टेप गुंडाळलेला एक सांधा होता. टेप सोडवला तर आत तांबं हिरवं पडून पावडर झालेलं. किनाऱ्याकडची खारी हवा आणि मालवणातला पाऊस, नुसता टेप किती टिकणार? नवी तार सोल्डर केली, हीट-श्रिंक नळी चढवली आणि सांधा खाली तोंड असलेल्या डबीत टाकला.

डिश फिरली, पण कुथत. मोटरची केबल ४० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८० मीटर, तार ०.७५ चौरस मिलिमीटरची. रोध जवळपास १.९ ओहम. तीन अँपिअरला साडेपाच व्होल्ट वाटेतच खर्च! १.५ चौरस मिलिमीटरची तार घातल्यावर ही घट निम्मी झाली. जॅकच्या खालचं पाणी निघायचं भोक गंजाने बुजलं होतं, तेही मोकळं केलं.

दोन दिवसांनी दुसरी तक्रार : साठवलेल्या जागा सरकू लागल्या. इथे एक खूण लक्षात ठेवा. पूर्वेकडून आल्यावर एक जागा आणि पश्चिमेकडून आल्यावर दुसरी, पण दोन्ही रोज त्याच, तर तो सांध्यांतला ढिलेपणा. खोडदच्या जीएमआरटीच्या ४५ मीटर डिशांत असा ढिलेपणा मारायला दोन मोटरी एकमेकींविरुद्ध किंचित ताणून ठेवतात. आपण बोल्ट आवळायचे. फरक दिवसेंदिवस वाढत गेला तर मोजणी चुकते आहे. आमच्याकडे दुसरा प्रकार होता. ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट शेजारच्या सेन्सर तारेत शिरून खोटे पल्स बनवत होता. सेन्सरला वेगळी शील्डेड केबल दिली, शील्ड फक्त पोझिशनरच्या टोकाला अर्थ केलं आणि तिथेच ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला.

आठ फुटी डिशचा बीम ४ गिगाहर्ट्झला साधारण सव्वादोन अंश रुंद, त्यामुळे अर्ध्या अंशाची चूक सी-बँडला चालून जाते. केयू-बँडला तो जेमतेम पाऊण-एक अंश उरतो, तिथे चालत नाही. म्हणून जागा साठवताना नेहमी एकाच बाजूने या. आम्ही सगळ्या जागा पश्चिमेकडून येऊन साठवल्या, दोन्ही मर्यादा पुन्हा लावल्या आणि आकडे वहीत उतरवून ती वही मामांकडे दिली.