रश्श्यातील शेजाऱ्याचा वाटा

रस्सा शिजविताना त्यात पाणी वाढवावे आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवावी, असा उपदेश अल्लाहचे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना केल्याचे ‘सहीह मुस्लिम’मध्ये नमूद आहे. हा उपदेश श्रीमंताच्या मेजवानीसाठी नाही. ज्याच्याकडे मांस थोडे आहे त्यानेही पाणी वाढवून शेजाऱ्याचा वाटा काढावा, असा त्याचा रोख आहे.

वाचकहो, हा उपदेश झरी जामणी तालुक्यातील मुकुटबनसारख्या गावात कसा पाळाल? भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी कदाचित मांसच खात नसेल, किंवा बकऱ्याचे खात असेल आणि मोठ्या जनावराचे खात नसेल. मग त्याचा हक्क संपला काय?

मुळीच नाही. सूरह निसाच्या ३६ व्या आयतीत नात्यातल्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही सद्वर्तन करण्याचा आदेश आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठविला काय, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले. तिरमिजी यांच्या संग्रहात हा प्रसंग आहे. तो शेजारी ते अन्न खाऊ शकत होता; आपला शेजारी खाऊ शकत नाही, एवढाच फरक.

येथे ताटातील दुसऱ्या पदार्थांकडे वळावे लागते. एका शिंप्याने प्रेषितांना (स.) जेवावयास बोलाविले. जवाची भाकर होती, रश्श्यात वाळविलेले मांस आणि दुधी भोपळा होता. प्रेषित (स.) भांड्याच्या कडेकडेने भोपळ्याच्या फोडी शोधून घेत होते, आणि त्या दिवसापासून आपल्यालाही भोपळा आवडू लागला, असे हजरत अनस (रजि.) सांगतात. आपल्याकडील दालच्यात मांसासोबत डाळ आणि दुधी पडतो तो काही उगाच नव्हे! मांस हाच जेवणाचा प्राण मानणाऱ्यांनी ही हदीस अवश्य वाचावी.

तेव्हा तूरडाळीचे वरण, अंबाडीची भाजी, वांग्याचे भरीत, शेवयांची खीर यांतून शेजाऱ्याचा वाटा निघू शकतो. प्रेषितांनी (स.) भगिनींना बजावले आहे की शेजारणीने दिलेली भेट, मग ती बकरीचे खूर का असेना, क्षुल्लक मानू नये.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्यातील दुरुस्तीस मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीची कत्तल सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्याने होऊ शकते; फिकहमध्ये म्हैस गाईच्याच वर्गात धरली जाते, म्हणून ती हलाल असण्याविषयी शंका नाही. परंतु म्हशीचे मांस बकऱ्याचे म्हणून पाहुण्यापुढे ठेवणे हा धोका आहे, आणि धोका देणाऱ्याशी प्रेषितांनी (स.) आपले नाते नाकारले आहे. ‘मटण’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. पाहुण्याने विचारण्यापूर्वीच खरे सांगावे.

‘हलाल आहे, मग लाज कसली?’ असे काही तरुण विचारतात. कच्चा लसूण आणि कांदाही हलाल आहे. तरीही तो खाऊन मशिदीत येण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली, कारण त्याच्या वासाचा इतरांना त्रास होतो. अनुमती असलेल्या वस्तूतही दुसऱ्याच्या त्रासाचा विचार आहे तो असा. शेजाऱ्याच्या दारासमोर हाडे टाकणे किंवा नालीत रक्ताचे पाणी सोडणे याला कोणत्याही फतव्याचा आधार सापडणार नाही.

शेजाऱ्याकडे पाठवावयाचे वरण वा भाजी मांस चुलीवर चढण्यापूर्वीच रांधावी. त्यासाठी पातेले आणि पळी वेगळी ठेवावी, आणि तसे ठेवले आहे हे डबा देताना शेजारणीला सांगावे. हजरत आयशा (रजि.) यांनी दोन शेजाऱ्यांपैकी भेट कोणाला द्यावी असे विचारले, तेव्हा ज्याचे दार अधिक जवळ त्याला, असे उत्तर मिळाले होते. डबा प्रथम तेथेच जावा.