माशीची साक्ष

फिनलंड हा युरोपच्या उत्तर भागातील अरण्यांचा व सरोवरांचा देश. हेलसिंकी ही त्याची राजधानी. तेथील एका सरकारी कचेरीत एकदा एका अधिकाऱ्याला गालिच्याच्या कडेखाली पुष्कळशा लठ्ठ अळ्या आढळल्या. त्याने झाडलोट करणाऱ्या बाईला बोलावून विचारणा केली. गालिचा आदल्या दिवशीच साफ केला आहे, असे तिने सांगितले. अधिकाऱ्याचा त्यावर विश्वास बसेना. एवढ्या मोठ्या अळ्या एका रात्रीत कशा वाढतील? बाई खोटे बोलत असली पाहिजे, असे त्याने ठरविले. बिचारीच्या प्रामाणिकपणावर आळ आला. तिच्या बाजूने साक्ष कोण देणार?

ही हकीकत नोंदवून ठेवणारे शास्त्रज्ञ म्हणजे पेक्का नुओर्तेवा. त्यांचा जन्म १९२६ साली झाला. पुढे ते हेलसिंकी विद्यापीठात पर्यावरण-संरक्षणाचे प्राध्यापक झाले. माशी दिसली की आपण तिला हाकलतो. नुओर्तेवा मात्र माश्यांची मोजदाद करीत. कोणती माशी शहरात अधिक सापडते, कोणती खेड्यात आणि कोणती निर्जन रानात, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. त्यावरून माशीची माणसाच्या वस्तीशी असलेली जवळीक मोजण्याचे एक गणित त्यांनी १९६३ साली मांडले. दाट वस्तीतच राहणाऱ्या माशीला अधिक १००, तर माणसाला सर्वस्वी टाळणाऱ्या माशीला उणे १०० असा अंक मिळतो. हे गणित आजही जगभरचे अभ्यासक वापरतात.

माशीचे जीवन जणू एक घड्याळच आहे. मेलेल्या प्राण्याचा वास येताच काही जातींच्या माश्या तेथे येऊन अंडी घालतात. अंड्यातून अळी, अळीपासून कोश आणि कोशातून माशी असा क्रम ठरलेला असतो. हवा उबदार असेल तर वाढ लवकर होते, थंड असेल तर रेंगाळते. म्हणून अळीची जात, तिचे वय आणि हवेचे तापमान कळले, की मृत्यू साधारण केव्हा झाला असावा याचा अंदाज बांधता येतो. या ज्ञानाचा न्यायालयांना मोठा उपयोग होतो. नुओर्तेवांनी ते आपल्या देशात कसोटीला लावले. माशातील विषारी पारा तो मासा खाणाऱ्या अळीत आणि तिच्यावाटे तिला खाणाऱ्या कीटकांत कसा उतरतो, हेही त्यांनी शोधले.

आता त्या गालिच्याकडे वळू. त्या अळ्या हिरव्या चकाकत्या माशीच्या होत्या. या माशीची अळी पोटभर खाऊन पूर्ण वाढली, की अन्न सोडून दूर निघून जाते आणि कोश करण्यासाठी अंधारी जागा शोधते. म्हणजे त्या अळ्या गालिच्याखाली वाढल्याच नव्हत्या! इमारतीत कोठेतरी मरून पडलेल्या उंदरासारख्या प्राण्यावर त्या वाढल्या असाव्यात आणि रातोरात सरपटत तेथे आल्या असाव्यात. गालिचा आदल्या दिवशी साफ झाला होता, या म्हणण्यात अशक्य असे काहीच नव्हते. बाई निर्दोष ठरली.

अधिकाऱ्याने अळ्या पाहिल्या होत्या; पण अळीचा स्वभाव त्याला ठाऊक नव्हता. अपुऱ्या ज्ञानावर घाईने दिलेला निवाडा एखाद्या गरिबाच्या पोटावर पाय आणू शकतो. ज्या क्षुद्र जीवाकडे कोणी वळूनही पाहत नाही, त्याचा मन लावून केलेला अभ्यास मात्र खऱ्याला खरे ठरवितो.

अभ्यास

१. अधिकाऱ्याला बाईचे म्हणणे खोटे का वाटले? त्याची चूक कोठे झाली?
२. माशीच्या जीवनक्रमाला घड्याळ का म्हटले आहे?
३. ‘आळ येणे’, ‘कसोटीला लावणे’, ‘पोटावर पाय आणणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.